संयुक्त मूत्रल गोळ्या

लघवीवाटे मीठ आणि पाणी शरीराबाहेर काढणारी, म्हणजे मूत्रल, अशी दोन वेगळ्या प्रकारची औषधे ठरावीक प्रमाणात एकत्र करून बनवलेली गोळी. उच्च रक्तदाबासाठी, तसेच हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या विकारात अंगावर येणाऱ्या सुजेसाठी ती देतात. घरोघरी तिचे नाव ‘पाण्याची गोळी’ किंवा ‘लघवीची गोळी’. औषधाच्या पाकिटावर ब्रँडच्या नावापुढे बऱ्याचदा ‘प्लस’ असते आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. हा ‘प्लस’ म्हणजे दुप्पट जोर नव्हे. जोडीतले एक औषध लघवी वाढवताना रक्तातले पोटॅशियमही वाहून नेते; दुसरे ते धरून ठेवते. गोळीचा सगळा डोलारा या पोटॅशियमच्या हिशेबावर उभा आहे.

टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या औषधात एकच मूत्रल घालूनही गोळ्या मिळतात. त्यांच्या नावापुढे ‘एच’ (हायड्रोक्लोरोथायझाइड) किंवा ‘सीटी’ (क्लोरथॅलिडोन) अशी अक्षरे असतात. त्या वेगळ्या. या नोंदीत दोन्ही घटक मूत्रल असलेल्या गोळ्यांचाच विचार केला आहे.

जोडीची गरज कशी पडली

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूज उतरवायला पाऱ्याची इंजेक्शने देत. हा शोध अपघाताने लागला. १९१९ मध्ये व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात आल्फ्रेड व्होग्ल हा वैद्यकीचा विद्यार्थी उपदंशाच्या रुग्णाला पाऱ्याचे नवे औषध टोचत होता. परिचारिकांनी लघवीची जी नोंद ठेवली होती तिच्यात आकडे अचानक उसळलेले दिसले. औषध गुणकारी, पण विषारी आणि सुईवाटेच घ्यायचे. रोज तोंडाने घेण्यासारखे काही नव्हते.

ते १९५७-५८ मध्ये आले. अमेरिकेतील मर्क शार्प अँड डोम कंपनीत कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, जॉन बेअर आणि फ्रेडरिक नोव्हेलो यांनी क्लोरोथायझाइड शोधले आणि रक्तदाबाच्या उपचारांचा चेहरामोहरा बदलला; १९७५ मध्ये चौघांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण थायझाइड वर्गाच्या या गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम उतरू लागले. पायात गोळे येत, अशक्तपणा वाटे आणि डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध घेणाऱ्या रुग्णांमध्ये ठोके बिघडण्याचा धोका वाढे.

पहिला उपाय अगदी सरळ होता : थायझाइडच्याच गोळीत पोटॅशियम क्लोराइड भरायचे. ते पोटात बाधू नये म्हणून आतड्यात विरघळणारे आवरणही दिले. १९६०च्या दशकात अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या लहान आतड्यात व्रण पडून आतडे अरुंद झाल्याचे आढळू लागले. पोटॅशियमचा सगळा साठा एकाच ठिकाणी सुटून तिथले आतले अस्तर जळत होते. म्हणजे पहिली संयुक्त गोळी फसली. पोटॅशियम वरून ओतण्यापेक्षा मूत्रपिंडातच अडवावे, हा विचार टिकला. त्यासाठी लागणारी औषधे त्याच सुमारास हाती आली : आधी स्पायरोनोलॅक्टोन, मग ट्रायमटेरिन आणि अमिलोराइड.

मूत्रपिंडात काय घडते

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचे सगळे पाणी वाटेत परत शोषले जाते, आणि पाणी मिठाच्या, म्हणजे सोडियमच्या मागोमाग जाते. त्यामुळे मूत्रल औषध पाण्याला हात लावत नाही. ते सोडियमचे परतीचे दार बंद करते.

ही दारे मूत्रपिंडातल्या बारीक नळीत, म्हणजे मूत्रनलिकेत, एकामागून एक आहेत. तिच्या हेन्लेचे वेटोळे म्हणतात त्या भागात गाळलेल्या सोडियमपैकी साधारण पाव हिस्सा परत घेतला जातो. फ्युरोसेमाइड आणि टोरसेमाइड तिथे काम करतात, म्हणून ती सर्वांत जोरकस. पुढच्या वळणावर पाच ते आठ टक्के. ते थायझाइडचे ठिकाण. अगदी शेवटच्या टप्प्यात दोन-तीन टक्केच उरतात, पण इथला व्यवहार अदलाबदलीचा आहे : सोडियम आत घेताना पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात. वरची दारे बंद केली की सोडियमचा लोंढा या शेवटच्या दारावर येऊन आदळतो, अदलाबदल वाढते आणि पोटॅशियम वाहून जाते. शिवाय शरीरातले पाणी कमी झाले की अल्डोस्टेरोन हे संप्रेरक वाढते आणि तेच या दारावरची घाई आणखी वाढवते.

जोडीतले दुसरे औषध नेमके या शेवटच्या दाराशी उभे राहते. अमिलोराइड आणि ट्रायमटेरिन सोडियमची वाटच अडवतात. त्यांचा परिणाम काही तासांत दिसतो. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरोनची जागा बळकावते. त्याला पूर्ण असर दाखवायला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशी जी धावपळ होते ती फ्युरोसेमाइडची. ‘आजच गोळी सुरू केली आणि आजच दोन्ही औषधे लागू पडली’ असे होत नाही.

प्रचलित जोड्या

युरोप-अमेरिकेत थायझाइडच्या जोड्या गाजल्या : हायड्रोक्लोरोथायझाइड व अमिलोराइड (मॉड्युरेटिक), हायड्रोक्लोरोथायझाइड व ट्रायमटेरिन (डायझाइड). ब्रिटनमध्ये अशा जोड्यांना ‘को-अमिलोझाइड’, ‘को-अमिलोफ्रुज’ अशी सुटसुटीत नावे दिली आणि पुढे ‘५/४०’ असा अपूर्णांकासारखा आकडा लिहायची रीत पडली. त्यावरून कोणते औषध किती हे लगेच कळते. भारतात चलती आहे ती वेटोळ्यावरच्या जोरकस औषधांच्या जोड्यांची : फ्युरोसेमाइड व स्पायरोनोलॅक्टोन, टोरसेमाइड व स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम व अमिलोराइड ५ मिलिग्रॅम. फ्युरोसेमाइडचे लॅसिक्स हे जुने नाव ‘सहा तास टिकते’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून केलेले आहे, आणि वागणूकही तशीच. टोरसेमाइड जास्त वेळ टिकते आणि पोटातून अधिक खात्रीने शोषले जाते. तरीही हृदयविकाराच्या रुग्णांत मृत्यू टाळण्याच्या बाबतीत ते फ्युरोसेमाइडपेक्षा सरस ठरले नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले.

रक्तदाबासाठी

या जोड्यांच्या पाठीशी चांगला पुरावा आहे, आणि तो आज थोडा विसरला गेला आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ६५ ते ७४ वयाच्या ४,३९६ जणांवर केलेली चाचणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. हायड्रोक्लोरोथायझाइड व अमिलोराइड घेणाऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले; अटेनोलोल या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाच्या गटाला तसे यश आले नाही. २०१५ मध्ये मॉरिस ब्राऊन आणि सहकाऱ्यांच्या पाथवे-३ चाचणीने आणखी एक उपयोगी गोष्ट दाखवली. थायझाइड एकटे दिले तर रक्तातली साखर थोडी चढते, पण निम्म्या मात्रेत अमिलोराइडच्या जोडीने दिले तर ती चढत नाही, आणि रक्तदाबही जास्त उतरतो.

तरी सुरुवातीची गोळी म्हणून ही जोडी मागे पडली. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल ही औषधे स्वतःच पोटॅशियम राखतात. त्यांच्यासोबत थायझाइड दिले की हिशेब आपोआप जुळतो. संयुक्त मूत्रलाची पाळी येते ती तीन औषधे देऊनही रक्तदाब हटत नाही तेव्हा. अशा हट्टी रक्तदाबात चौथे औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सर्वांत चांगले ठरते, हे पाथवे-२ चाचणीने २०१५ मध्येच दाखवले.

सुजेसाठी

संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर रबराची खोल रेघ दिसणे ही बहुधा पहिली खूण असते. नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून उचलला आणि खळगा तसाच राहिला, तर तिथे पाणी साठले आहे. हृदय अशक्त झाल्यावर मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते. शरीरात पाणी कमी आहे असा चुकीचा निष्कर्ष काढून ते मीठ अडवू लागते. आडवे झाल्यावर धाप लागणे, उशा वाढवाव्या लागणे ही त्याचीच पुढची पायरी. फ्युरोसेमाइड किंवा टोरसेमाइडने आराम पडतो. स्पायरोनोलॅक्टोनचे काम इथे पोटॅशियम राखण्यापलीकडचे आहे : १९९९ च्या राल्स चाचणीत तीव्र हृदय-अशक्ततेच्या रुग्णांत त्याने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी केला.

यकृताच्या सिऱ्होसिसमुळे (यकृत निबर होण्यामुळे) झालेल्या जलोदरात, म्हणजे पोटात पाणी साठते तेव्हा, जोडीतले नातेच उलटते. तिथे अल्डोस्टेरोन बेसुमार वाढलेले असते, म्हणून स्पायरोनोलॅक्टोन मुख्य आणि फ्युरोसेमाइड मदतनीस. प्रमाण १०० मिलिग्रॅमला ४० असे ठेवतात. बाजारातली ५० व २० मिलिग्रॅमची गोळी याच प्रमाणात आहे. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू देत नाहीत, कारण पोटातले पाणी रक्तात परतायला वेळ लागतो आणि घाईत मूत्रपिंडच कोरडे पडते.

प्रत्येक सूज मात्र या गोळीची नसते. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाने पायावर येणारी सूज बारीक रक्तवाहिन्या सैलावल्याने येते; शरीरात पाणी वाढलेले नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी हलत नाही. एका गोळीची सूज उतरवायला दुसरी, दुसरीचे पोटॅशियम सांभाळायला तिसरी, अशी यादी वाढत गेलेली अनेक घरांत दिसते. डॉक्टरांनी अम्लोडिपिन बदलले किंवा कमी केले की कधीकधी अर्धी यादीच गळून पडते.

धोके आणि देखरेख

जोडी पोटॅशियमचा तोल सांभाळते हे खरे, पण कोणत्या रुग्णात तराजू कुठे झुकेल हे गोळीवर लिहिलेले नसते. साधारण पातळी लिटरला ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट. ती सहाच्या वर गेली की हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, आणि तोवर रुग्णाला काहीच जाणवलेले नसू शकते. राल्सनंतर स्पायरोनोलॅक्टोनचा वापर झपाट्याने वाढला, तेव्हा कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्याही वाढली. चाचणीतल्या रुग्णांची रक्ततपासणी नेमाने होत होती, बाहेर तेवढी झाली नाही. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या आठवड्यात आणि मग महिन्याने पोटॅशियम, सोडियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासतात. मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावलेले असेल किंवा पोटॅशियम आधीच वर असेल, तर ही जोडी टाळतात.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी रोजच्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. मूत्रल, रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनपैकी एखादे औषध आणि ही वेदनाशामके असे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. ‘कमी सोडियमचे मीठ’ बीपीवाल्यांसाठी चांगले म्हणून घरात येते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. शहाळ्याचेही तेच. १०० मिलिलिटर नारळपाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. नुसते थायझाइड घेणाऱ्याला ‘शहाळं घ्या’ हा कोकणातला सल्ला चालून जाईल. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या, मूत्रपिंड थकलेल्या माणसाला रोजची दोन शहाळी महागात पडू शकतात. दुसऱ्या बाजूने, गोळी चालू असताना लोणचे, पापड, सुकट तसेच चालू ठेवले तर गोळीने काढलेले मीठ ताटातून परत येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आतच हवे.

वृद्धांत, विशेषतः थायझाइडने, सोडियम उतरते. आजी दोन दिवस गोंधळल्यासारख्या बोलतात, तोल जाऊन पडतात, आणि घरचे ‘वयच झालं’ म्हणतात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, गाउट (युरिक आम्लाने सांधे सुजून दुखणे) उसळणे हेही दिसते. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीत गाठ येऊन दुखू शकते. राल्समध्ये दहापैकी एका पुरुषाला असा त्रास झाला. सांगायला संकोच वाटतो, म्हणून बरेच जण मुकाट्याने गोळीच बंद करतात.

गोळी सकाळी घेतात, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. एसटीचा लांबचा प्रवास असला की अनेक जण, आणि स्त्रिया तर हमखास, त्या दिवशीची गोळी चुकवतात. डॉक्टरांना विचारून ती दुपारी, मुक्कामी पोचल्यावर घेता येते. जुलाब-उलट्या झाल्यास किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात खूप घाम जाऊन खाणेपिणे कमी झाल्यास गोळी तात्पुरती थांबवायची का, हे लगेच विचारावे लागते. हृदयरुग्णाने रोज सकाळी लघवी करून आल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन करायचे असते : तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते वजन खाण्याचे नसते, पाण्याचे असते.

खेळातील बंदी

मूत्रले लघवी पातळ करून इतर निषिद्ध औषधांचा माग लपवू शकतात आणि वजनही झटपट उतरवतात, म्हणून जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेच्या यादीत ती स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. सर्वांत गाजलेले प्रकरण संयुक्त गोळीचेच होते. फेब्रुवारी २००३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकातला ऑस्ट्रेलियाचा पहिला सामना दुसऱ्या दिवसावर आला असताना, शेन वॉर्न मायदेशी परतला. त्याच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आणि अमिलोराइड सापडले होते. गोळी आईने दिली, बारीक दिसण्यासाठी घेतली, असे त्याने सांगितले. त्याला एक वर्षाची बंदी झाली.