ऐकण्याची परीक्षा आणि मापनाचे आकडे

घरगुती संगीतयंत्रणेचा विषय निघाला की दोन बाजू लगेच समोरासमोर येतात. संगीत कानांसाठी असते, तेव्हा निवाडाही कानांनीच करावा, असे एका बाजूचे म्हणणे असते. तर ॲम्प्लिफायर हे विजेवर चालणारे उपकरण आहे आणि त्याचे आकडे हाती आले की वेगळे ऐकून पाहण्याची गरज नाही, असे दुसऱ्या बाजूला वाटते. या वादात एक गोष्ट बाजूला पडते, ती म्हणजे ऐकणे हीसुद्धा एक मापनपद्धतच आहे आणि कोणत्याही मापनाला लागू होणाऱ्या अटी तिलाही लागू होतात. कानांच्या क्षमतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच, की निर्णय देताना ऐकणाऱ्यापर्यंत ध्वनीखेरीज आणखी काय काय पोहोचलेले असते.

सर्वांत जास्त फसवणूक आवाजाच्या पातळीमुळे होते. दोन उपकरणांच्या पातळीत अर्ध्या डेसिबलइतका फरक असला, तर एक उपकरण मोठ्याने वाजते आहे असे श्रोत्याला सहसा वाटत नाही. ते अधिक स्वच्छ, अधिक भरदार वाजते आहे असे वाटते. याचे एक कारण श्रवणयंत्रणेतच आहे. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कमी पातळीवर आपले कान खर्जाच्या स्वरांना मधल्या स्वरांच्या तुलनेत बरेच कमी प्रतिसाद देतात आणि पातळी वाढत जाते तशी ही तफावत कमी होते. म्हणजे आवाज किंचित वाढवला, तरी समतोल बदलल्याचा भास होऊ शकतो. म्हणून काटेकोर तुलनेत दोन्ही उपकरणांची पातळी सुमारे ०.१ डेसिबलच्या आत जुळवतात. प्रत्यक्षात हे काम असे चालते: १ किलोहर्ट्झचा स्थिर स्वर लावायचा, स्पीकरच्या टोकांवर मीटर धरायचा, आणि एका ॲम्प्लिफायरवर १००० मिलिव्होल्ट दिसत असतील तर दुसऱ्यावरचा आकडा साधारण ९८८ ते १०१२ यांच्या दरम्यान येईपर्यंत नियंत्रक फिरवत राहायचे. ही जुळणी नुसत्या कानांनी साधत नाही, आणि ती न करता काढलेल्या निष्कर्षाला मला तरी फारसे मोल देता येत नाही.

दुसरा अडथळा डोळ्यांचा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पाहत आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकले. श्रोते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच कर्मचारी होते. स्पीकर दिसत असताना मोठ्या, भारदस्त स्पीकरांना चढे गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संचाचे गुण घसरले. पडदा आल्यावर हे अंतर बरेच कमी झाले. त्याहून बोलका भाग पुढेच आहे. खोलीतील जागा बदलली की स्पीकरचा आवाज खरोखरच बदलतो. पडद्याआड ऐकताना श्रोत्यांनी तो बदल टिपला, पण स्पीकर समोर दिसू लागताच त्यांच्या गुणांवर त्याचा प्रभाव फारसा उरला नाही. दृष्टीने नसलेले फरक निर्माण केले आणि असलेले फरक झाकलेही. अनुभवी माणसेही यातून सुटत नाहीत, कारण हा प्रामाणिकपणाचा प्रश्नच नाही. अपेक्षेचा परिणाम जाणिवेत मिसळूनच येतो.

दोन उपकरणांत ऐकू येण्याजोगा फरक आहे की नाही, एवढेच ठरवायचे असेल तर एबीएक्स ही पद्धत वापरतात. हिची मुळे बेल प्रयोगशाळांतील १९५० च्या कामापर्यंत जातात. श्रोत्याला ए आणि बी हवे तेव्हा ऐकता येतात. एक्स हा त्या दोहोंपैकी यदृच्छेने निवडलेला असतो आणि तो कोणता हे श्रोत्याने ओळखायचे असते. उत्तर चाचणी घेणाऱ्यालाही माहीत नसते. १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, म्हणून तेवढे गुण मिळाले तर फरक ऐकू आला असे मानतात. बदल क्षणात व्हावा लागतो, कारण ध्वनीचे बारीक तपशील स्मरणात फार वेळ टिकत नाहीत.

मात्र या चाचणीतील अपयशाचा अर्थ लावताना आकड्यांच्या बाजूची मंडळी बरेचदा घाई करतात. समजा, एखाद्या श्रोत्याला फरक खरोखरच पुसटसा जाणवतो आणि तो दर फेरीला ७० टक्के शक्यतेने बरोबर उत्तर देतो. असा श्रोतासुद्धा १६ फेऱ्यांत १२ चा टप्पा निम्म्याहून कमी वेळाच गाठेल. थोड्या फेऱ्यांवरून ‘फरक नाही’ असे जाहीर करणे त्यामुळे चूकच आहे. फेऱ्या वाढल्या की चित्र बदलते. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च क्षमतेच्या ध्वनिमुद्रणाच्या मार्गात साध्या सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून पाहिला; ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. वापरलेल्या काही तबकड्यांच्या मूळ मुद्रणाविषयी पुढे आक्षेप घेतले गेले. तरीही एखाद-दुसऱ्या बैठकीपेक्षा या आकड्याला कितीतरी अधिक वजन आहे.

आता उपकरणांच्या मापनाकडे वळू. इथे अडचण अचूकतेची नसते. नेमके काय मोजायचे, याची असते. एकूण विरूपणाचा, म्हणजे उपकरणाने मूळ ध्वनीत केलेल्या भेसळीचा, टक्का हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारितेचा भेसळ घटक मूळ स्वराखालीच झाकला जातो आणि अनेकदा ऐकूही येत नाही. तोच सात-आठ पटींवरचा घटक फारच कमी प्रमाणात असूनही खुपतो. शिवाय ॲम्प्लिफायरमधील एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम सोपवले जाताना होणारे विरूपण हळू आवाजात तुलनेने जास्त असते, तर माहितीपत्रकातला टक्का बहुधा मोठ्या शक्तीवर मोजलेला असतो. आकडा खरा असतो, पण श्रोत्याला हवे ते तो सांगत नाही.

कोणता आकडा अर्थपूर्ण, हे अखेर कळले ते आंधळ्या, म्हणजे कोणते उपकरण वाजते आहे हे न कळू देता घेतलेल्या, चाचण्यांतूनच. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआडच्या श्रवणाची स्पीकरांच्या मापनांशी सांगड घातली. आज प्रतिध्वनिरहित कक्षात स्पीकर आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांनी, एकूण ७० दिशांनी मोजण्याचे प्रमाण रूढ आहे. ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या अशा मापनांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवली, तेव्हा वर्तवलेले आणि प्रत्यक्ष दिलेले गुण यांचा सहसंबंध ०.८६ आला (१ म्हणजे पूर्ण मेळ). समोर सपाट आणि बाजूंना सहजपणे उतरत जाणारा प्रतिसाद लोकांना आवडतो, ही गोष्ट इथे आकड्यांत उतरली.

त्याच गणितात पसंतीचा सुमारे ३० टक्के वाटा खर्जाचा होता, आणि खर्जावर सत्ता चालते ती खोलीची. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली भिंतींमधील स्थिर लहरी आवाजाला आकार देतात. खुर्ची हातभर सरकवली तरी एखादा स्वर दणकतो किंवा नाहीसा होतो. कक्षातल्या मापनांवरून हा भाग आधी सांगता येत नाही. बसण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून खोली मोजावी, स्पीकर आणि बैठक थोडी थोडी हलवावी आणि मग परिचयाचे संगीत लावून ऐकावे. केबल बदलण्यात जाणारा वेळ या कामी लावला, तर जो फरक पडतो तो ओळखायला पडदाही लागत नाही.