सी-४ची पार्श्वभूमी : उसाच्या पानातली जुनी तडजोड

नाक्यावरच्या रसाच्या गाडीत पिळला जाणारा ऊस, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही सगळी सी-४ मंडळी. वाडा कोलम तांदूळ मात्र सी-३. हे आकडे आवृत्त्यांचे नव्हेत. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडल्यावर पानात पहिले स्थिर संयुग बनते ते चार कार्बनचे की तीनचे, एवढाच त्यांचा अर्थ. तरी 'सी-४ म्हणजे प्रगत' ही समजूत काही जात नाही.

मूळ दुखणे पानात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराचे (एन्झाइमचे). ते घडले तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. आज तो २१ टक्के आहे आणि रुबिस्को कार्बन डायऑक्साइडऐवजी मधूनमधून त्यालाच धरते. उन्हाळा तापला की अधिकच. ही चूक निस्तरताना मिळवलेला काही कार्बन परत हवेत जातो.

सी-४ वनस्पतींनी रुबिस्को दुरुस्त केले नाही. बाहेरच्या पेशींत दुसरे विकर कार्बन पकडते आणि तो शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन सोडला जातो. रुबिस्को तिथे कोंडलेले असते, त्यामुळे त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडची दाटी राहते आणि चूक क्वचितच होते. पेशींचे हे कडे एकोणिसाव्या शतकातच दिसले होते, जर्मनमध्ये त्याला 'हार' असे नावही मिळाले. त्याचे काम उलगडले ते हवाईतल्या उसावरच्या प्रयोगांनंतर, १९६६च्या सुमारास ऑस्ट्रेलियात. गॅलरीतल्या पानफुटीची तऱ्हा वेगळी : ती रात्री रंध्रे उघडून कार्बन आम्लाच्या रूपात साठवते. तिची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारी बेचव, ही नोंद भारतातलीच, १८१५ साली छापली गेलेली.

मग सी-४ची युक्ती पसरली कशामुळे? इथे अजून भांडण आहे. ती वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे साठहून अधिक वेळा उपजली. सुरुवात सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीची, पण सी-४ गवताळ राने माजली ती ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतल्या कार्बनच्या समस्थानिकांनी (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंनी) हा बदल दाखवला, तेव्हा १९८०च्या दशकाअखेरीस श्रेय मान्सूनला मिळाले. नव्वदच्या दशकात ते काढून कार्बन डायऑक्साइडच्या जागतिक घटीला दिले गेले. दशक संपता संपता समुद्रतळाच्या गाळातून निघाले की मोठी घट त्याआधीच होऊन गेली होती. अलीकडच्या काही मोजमापांत पुन्हा त्याच काळातली घट दिसते. म्हणजे वायूने दार उघडले असेल, पण आत ढकलले कोणी? चार महिने पाऊस, मग कोरडे आठ महिने आणि वणवे, हे उत्तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कातले डिसेंबरातले पिवळे गवत पाहणाऱ्याला लगेच पटते. मलाही पटते, आणि त्यामुळेच जरा सावध राहावेसे वाटते.

'कार्यक्षम' हा शब्दही जपून वापरावा. कार्बनच्या प्रत्येक रेणूमागे सी-४ला एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) दोन रेणू जादा मोजावे लागतात, त्यामुळे थंडीत आणि सावलीत सी-३ सरस ठरते. वनस्पतींच्या जातींपैकी जेमतेम ३ टक्के सी-४ आहेत, पण जमिनीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला त्यांचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास जातो.

भाताला सी-४ करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रयत्न २००८च्या सुमारास सुरू झाला. विकरांची जनुके भातात घालता आली, अडले ते पेशींच्या कड्यापाशी. दरम्यान हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४२० भागांपुढे गेला आहे. त्याने सी-३चे नुकसान थोडे घटते, वाढत्या उष्म्याने पुन्हा वाढते.