ब्राह्मी की मंडूकपर्णी? आधी पान बघा

रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ मागितली की दोनपैकी कुठलीही वनस्पती हातात पडू शकते. दोन्ही ओलाव्यात वाढतात, जमिनीलगत पसरतात, पेरापेराशी मुळं धरतात आणि दोन्ही बुद्धिवर्धक म्हणून प्रसिद्ध आहेत. कुळं मात्र पूर्ण वेगळी.

मंडूकपर्णी, म्हणजे आपला कारिवणा, कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली. पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते. लांब देठ पानाला जिथे मिळतो तिथे खोल खाच असते आणि तिथूनच शिरा पंख्यासारख्या पसरतात. बाकोपाची, म्हणजे जलब्राह्मीची, पानं नखाएवढी, जाडसर, समोरासमोर जोडीनं येणारी. देठ जवळजवळ नसतोच. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं. फुलं नसताना घोळीशी गल्लत होते, पण चावून बघितलं की संशय फिटतो: घोळ आंबट, ही कडू.

केरळ आणि बंगालमध्ये ब्राह्मी म्हणजे बाकोपाच. उत्तरेत मात्र मंडूकपर्णीलाही सर्रास ब्राह्मी म्हणतात. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानं, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथानं, दोघींची नोंद वेगवेगळी केली आहे: ब्राह्मी म्हणजे बाकोपा. गंमत अशी की चरकसंहितेतल्या चार मेध्य (बुद्धी वाढवणाऱ्या) रसायनांत ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पीसोबत आहे ती मंडूकपर्णी! ब्राह्मी तिथे उन्माद-अपस्मारावरच्या (वेड आणि फेफऱ्यावरच्या) ब्राह्मीघृतात, म्हणजे औषधी तुपात, भेटते.

लोककथांत मंडूकपर्णीच पुढे. जखमी वाघ हिच्या ताटव्यात लोळून जखमा भरून काढतो, अशी आशियात जुनी समजूत आहे. वाघाचं मला ठाऊक नाही, पण जखमेचा भाग पोकळ नाही. तिच्यातली एशियाटिकोसाइडसारखी द्रव्यं त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, वाढवतात असं प्रयोगांत दिसलं आहे; आजच्या कित्येक क्रीममध्ये तिचा अर्क असतो तो त्यामुळेच.

स्मरणशक्तीसाठी जास्त तपासली गेली ती बाकोपा. तिच्यातल्या बाकोसाइड्स नावाच्या द्रव्यांवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत बरंच काम झालं. माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत, फायदा माफक आहे, आणि तो दिसायला साधारण 12 आठवडे रोज घ्यावी लागली. परीक्षेच्या आदल्या रात्री काढा पाजून काही होणार नाही. म्हणूनच नावाच्या गोंधळाकडे मी काणाडोळा करू शकत नाही: बाकोपावरचे निष्कर्ष मंडूकपर्णीच्या बाटलीवर छापले, तर घेणाऱ्याची सरळ फसवणूक होते.

त्रासही वेगळे. बाकोपानं मळमळ, पोटात कळा, पातळ शौच होऊ शकतं, म्हणून ती जेवणानंतर घेतलेली बरी. मंडूकपर्णीनं क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत; यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये. आणि नाल्याकाठची तर कुठलीच तोडू नका, घाण पाण्यातले जड धातू दोन्ही शोषून घेतात. कुंडीत लावा, माती सुकू देऊ नका. बाकोपाला तर कुंडीत पाणी साचलेलं असलं तरी चालतं.