आपलं माणूस जसं होतं तसं: निरोपाचा कार्यक्रम सेलिब्रंटसोबत ठरवताना

घरातलं माणूस गेलं की पहिल्या दोन दिवसांत इतकी कामं अंगावर येतात की निरोपाचा विचार करायला उसंत मिळत नाही. दाखला, फोन, कोणाला कळवायचं, कोणासाठी थांबायचं. त्या धावपळीत अंत्यविधी उरकला जातो. मग कितीतरी दिवसांनी घरच्यांच्या मनात येतं, त्यांच्याबद्दल कोणी दोन शब्दसुद्धा नीट बोललं नाही. सेलिब्रंट म्हणून काम करताना ही रुखरुख आम्ही अनेकांकडून ऐकली आहे, आणि ती टाळता येते. पत्रक आत्ता वाचवत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात द्या. एकाने वाचलं तरी पुरे.

सेलिब्रंट म्हणजे कोण?

घरच्यांशी बोलून निरोपाचा कार्यक्रम बांधणारी, लिहिणारी आणि त्या दिवशी पुढे उभं राहून तो चालवणारी व्यक्ती. ती कोणत्याही धर्मसंस्थेने नेमलेली नसते. ऑस्ट्रेलियात १९७३ साली तेव्हाचे ॲटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांनी लग्नं लावण्यासाठी असे नागरी सेलिब्रंट नेमायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत लोक अंत्यविधीसाठीही सेलिब्रंटना बोलावू लागले, आणि ही पद्धत इतर देशांत पोहोचली.

धर्माशी आमचं वाकडं नाही. एकाच घरात आई श्रद्धाळू असते आणि मुलाला प्रार्थना नको असते, हे आम्ही नेहमी पाहतो. तेव्हा प्रार्थनेला दोन मिनिटं ठेवतो आणि ज्याला नको त्याला शांत बसायची मोकळीक देतो. मानवतावादी संघटनांतर्फे येणारे लोक मात्र सहसा पूर्णपणे धर्मविरहित कार्यक्रमच करतात. प्रार्थना हवी असेल तर त्यांना आधीच विचारून घ्या.

मृत्यूची नोंद, गाडी, जागेचं आरक्षण ही कामं आमच्याकडे नसतात. ती बघणाऱ्या लोकांशी आम्ही वेळेपुरतं बोलतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात लग्न कोणी लावायचं याला कायद्याचे नियम आहेत, पण अंत्यविधी चालवायला परवाना लागत नाही. म्हणून सेलिब्रंट आमच्याकडचा असो वा दुसरीकडचा, ठरवण्याआधी फोनवर दहा मिनिटं बोला. तो तुमचं ऐकतो आहे की स्वतःचंच सांगतो आहे, हे तेवढ्यात कळतं.

पहिली भेट

सगळं काम खरं तर इथे होतं. भेटीला दीड-दोन तास लागतात, आणि आम्ही शक्यतो तुमच्या घरी येतो, कारण माणसाच्या खुणा घरात असतात. तुम्ही रडलात, मध्येच उठून गेलात, भावंडांमध्ये एखाद्या आठवणीवरून वाद झाला, तरी संकोच करू नका. त्याच आठवणीच्या दोन बाजू बहुतेक वेळा दोन्ही खऱ्या असतात आणि दोन्ही सांगता येतात.

आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: घरी त्यांना काय हाक मारायचे? तो आम्ही चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात कागदपत्रांवरचं नाव आम्ही शेवटपर्यंत वापरलं. कार्यक्रम संपल्यावर त्यांची बहीण आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “या नावाने त्याला आमच्यात कोणीच ओळखत नव्हतं.” ते वाक्य आजही बोचतं. तेव्हापासून प्रत्येक नाव आम्ही घरच्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतो आणि जसं ऐकलं तसं लिहितो.

“ते कसे होते?” असं विचारलं की सगळे एकच उत्तर देतात: फार प्रेमळ होते, सगळ्यांना मदत करायचे. यात खोटं काही नाही, पण हे कोणाबद्दलही म्हणता येतं. म्हणून आम्ही वेगळं विचारतो. फोन उचलल्यावर त्यांचा पहिला शब्द काय असायचा? कशावरून चिडायचे? कोणती गोष्ट दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत? एका घरी तासभर बोलूनही काही हाती लागत नव्हतं. तेवढ्यात मुलगी उठली आणि कपाटातून पत्र्याचा डबा घेऊन आली. आत वीस-पंचवीस किल्ल्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, त्यावर वडिलांचं अक्षर: ‘मागचं दार, जुनं घर’, ‘सायकल, मोठीची’. तीन-चार किल्ल्यांवर एवढंच होतं: ‘कशाची आठवत नाही. टाकू नये.’ त्यानंतर ते सगळे अर्धा तास बोलत राहिले. कार्यक्रमात तो डबा पुढच्या टेबलावर होता. शेवटी प्रत्येक नातवंडाने त्यातली एक-एक किल्ली उचलून घेतली. हे इथे लिहायला घरच्यांनी आनंदाने परवानगी दिली.

अवघड गोष्टी

सगळ्यांची आयुष्यं सरळ नसतात. दारू असते, तुटलेली नाती असतात, वर्षानुवर्षांचा अबोला असतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आपण मानतो, आणि मग व्यासपीठावरून ज्याचं वर्णन होतं ते माणूस घरच्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. आमचं मत ठाम आहे: सगळं सांगायची गरज नाही, पण खोटं सांगू नये. “त्यांच्यासोबत राहणं सोपं नव्हतं, आणि तरीही आज आपण सगळे आलो आहोत” या एका वाक्याने सभागृहातले आवळलेले खांदे सैल होताना आम्ही पाहिले आहेत.

आत्महत्या झाली असेल तर तो शब्द उच्चारायचा की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. आम्ही विचारतो, आग्रह धरत नाही. ती कशी झाली याचा तपशील मात्र आम्ही कधीच सांगत नाही. समोर बसलेल्यांपैकी एखादा स्वतःही त्याच अंधारात असू शकतो.

जन्माआधी किंवा जन्मताच गेलेल्या बाळाचा निरोपही आम्ही करतो. आयुष्याची गोष्ट सांगण्यासारखी नसली तरी त्याची वाट कशी पाहिली, नाव कोणी ठरवलं होतं, हे सांगण्यासारखं असतं.

वेळ, गाणी, बोलणारे

सभागृह बहुतेक वेळा अर्धा ते पाऊण तास मिळतं आणि त्यातच लोकांचं आत येणं-बाहेर जाणं धरलेलं असतं. प्रत्यक्ष हाती २० ते २५ मिनिटं राहतात. सावकाश वाचलं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे सहा मिनिटांच्या मनोगताला सहा-सातशे शब्द पुरतात. एवढंच? असं आधी सगळ्यांना वाटतं. उभं राहून वाचताना पुरेसं वाटतं.

गाणं निवडताना नुसतं नाव सांगू नका, नेमकं कोणाच्या आवाजातलं ते सांगा. एकच गाणं चार जणांनी गायलेलं असतं आणि घरात वाजायचं ते त्यातलं एकच. शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकूनही पाहा. चार मिनिटांचं पूर्ण गाणं नुसतं बसून ऐकणं फार लांबतं, म्हणून मधल्या गाण्यासोबत फोटो दाखवणं किंवा लोकांनी पुढे येऊन फूल ठेवणं असं काही जोडतो.

घरच्यांपैकी कोणी बोलणार असेल तर मजकूर मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये जागा सोडून छापून आणा. त्याची एक प्रत आमच्याकडे असते. आवाज दाटून आला तर खाली बसा. जिथे थांबलात त्याच ओळीपासून आम्ही पुढे वाचू. हे आधीच माहीत असलं की बहुतेक जण शेवटपर्यंत वाचतात.

मुलांना यायचं की नाही ते मुलांना विचारा, पण तिथे काय दिसेल, मोठी माणसं रडतील, हे आधी सांगून ठेवा. मुलाशेजारी असं कोणी बसवा, जे स्वतः फार कोसळलेलं नसेल आणि वाटलं तर त्याला घेऊन बाहेर जाऊ शकेल.

मसुदा

पूर्ण मजकूर कार्यक्रमाआधी तुमच्या हातात येतो. तो मोठ्याने वाचा. तारखा तपासा, पण त्याहून जास्त नावं तपासा. दुसरं लग्न, पहिल्या लग्नाची मुलं, लहानपणी गेलेला भाऊ, अखेरच्या महिन्यांत रात्रंदिवस सेवा करणारी बाई. ज्यांचं नाव राहून गेलं त्यांच्या मनाला ते आयुष्यभर लागतं. शेवटच्या रात्री फोन करून एक शब्द बदलायला सांगितलात तरी आम्हाला त्रास नाही. तो शब्द बदलायलाच आम्ही आहोत.

अंत्यविधी होऊन गेला असेल तर

स्मरणाचा कार्यक्रम नंतर केव्हाही करता येतो, अस्थी विसर्जित करताना किंवा वर्षभरानेही. लांबची माणसं येऊ शकतात आणि बोलणाऱ्यांचं मन थोडं स्थिरावलेलं असतं.

स्वतःच्या निरोपाची टिपणं जिवंतपणी करून ठेवणारेही आमच्याकडे येतात. अशा इच्छा अनेक देशांत कायद्याने बंधनकारक नसतात, म्हणून कागद कुठे ठेवला आहे हे घरात किमान दोघांना सांगून ठेवा.

पहिल्या भेटीला काही लिहून आणू नका. एखादा फोटो काढून ठेवा, शक्यतो पोझ न दिलेला. त्यांच्या रोजच्या हाताळणीतली एखादी वस्तू जवळ असू द्या. आणि घरात ज्याला सगळ्या तारखा पाठ आहेत, त्या माणसाला सोबत बसवा.