सर्व्हायव्हल गेममधील हिंस्र श्वापदे

सर्व्हायव्हल, म्हणजे कसेबसे जिवंत राहण्याच्या प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच्या जिवावर उठणारे लांडगे, अस्वले, कोळी, सागरी महाकाय जीव इत्यादी. श्वापद नकाशावर अवतरले की ते ‘स्पॉन’ झाले असे म्हणतात, पुसले गेले की ‘डीस्पॉन’. चांगल्या गेममध्ये ही ये-जा खेळाडूच्या नजरेआड होते. शिकारीची चाहूल मात्र त्याला आधी लागते.

सगळ्या नकाशावर एकाच वेळी प्राणी हिंडते ठेवणे संगणकाला परवडत नाही. म्हणून ते बहुधा खेळाडूच्या आसपासच निर्माण होतात. माइनक्राफ्टचे सगळे जग ठोकळ्यांचे, अंतरही ठोकळ्यांतच मोजतात. त्याच्या जावा आवृत्तीत कोळ्यासारखे शत्रू-जीव खेळाडूपासून २४ ठोकळ्यांच्या आत आपोआप उगवत नाहीत आणि १२८ ठोकळ्यांपलीकडे गेले की तत्क्षणी नाहीसे होतात. थोडक्यात, धोक्याचे एक कडे खेळाडूबरोबर सरकत असते. अंधाराची अट वेगळीच. पूर्वी प्रकाशपातळी (० म्हणजे काळोख, १५ म्हणजे लख्ख उजेड) ७ असली तरी हे जीव येत; २०२१च्या १.१८ आवृत्तीपासून मशालीचा जरासाही उजेड पोहोचला तर तिथे येत नाहीत. कोळी भिंतीही चढतो, पण लख्ख उजेडात डिवचल्याशिवाय अंगावर येत नाही. लांडगा तर दिवसा-रात्री आपल्या वाटेने जातो. त्याला मारले की मात्र आजूबाजूचा सगळा कळप उलटतो.

सबनॉटिकात (२०१८) याच्या उलट. तिथले रीपर लेव्हायथन हे महाकाय सागरी शिकारी ठरलेल्या जागीच असतात आणि एकदा मारले की परत येत नाहीत. त्यांची आरोळी म्हणजे वटवाघळासारखा प्रतिध्वनीने घेतलेला वेध आहे, अशी नोंद गेममध्येच सापडते. ती वाचल्यावर गढूळ पाण्यात आवाज ऐकू आला की आपण ऐकतोय याच्याइतकीच आपण दिसतोय याचीही धडकी भरते. डोन्ट स्टार्व्हमधल्या (२०१३) शिकारी कुत्र्यांना ठरलेली जागा नसते. काही दिवसांच्या अंतराने लांबून गुरगुर ऐकू येते, ती जवळ येत जाते आणि मग टोळी थेट खेळाडूवर येते. दिवस उलटतात तशी टोळी मोठी होते. जमिनीवर मांस टाकले तर कुत्री खायला थांबतात, तेवढीच उसंत.

गेममधल्या प्रत्यक्ष शिकारीत प्राणी एका अवस्थेतून दुसरीत जातो: भटकणे, संशय घेणे, माग काढणे, झडप, पळ. नजरेचा पट्टा, आवाजाचा टप्पा आणि वास यांवर हे बदल ठरतात. वास सर्वांत उत्तम वापरला आहे तो द लाँग डार्कमध्ये. तिथे पाठीवर कच्चे मांस असले की पडद्यावर वासाची खूण दिसते आणि लांडगे लांबूनही मागावर येतात. पोटासाठी मिळवलेले मांसच जिवावर बेतते. मांसाचा तुकडा मागे टाकून त्यांना थोपवता येते, पेटती मशाल समोर धरता येते, किंवा त्यांना चक्क हरणाच्या दिशेने नेता येते. ते हरणालाही मारतात. टिंबरवुल्फ हे याच गेममधले दुसऱ्या जातीचे लांडगे टोळीने घेरतात. टोळीचे धैर्य पडद्यावर पट्टीच्या रूपात दिसते. आगीने वा गोळीबाराने ती रिकामी झाली की टोळी पांगते.

खेळाडू कुठे आहे हे गेमला कायम ठाऊक असते, त्यामुळे श्वापदाला सर्वज्ञ करणे सोपे आणि कंटाळवाणे. एलियन: आयसोलेशनमध्ये (२०१४) यावर दोन मेंदूंचा, म्हणजे श्वापदाला चालवणाऱ्या दोन वेगळ्या प्रणालींचा तोडगा आहे. वरच्या मेंदूला सगळे माहीत असते, पण तो परग्रहावरच्या श्वापदाला अधूनमधून फक्त दिशा सुचवतो. पुढचा शोध श्वापदाने स्वतःच्या डोळ्या-कानांनी घ्यायचा.

वाट शोधण्याचे गणित मात्र अजूनही अनेक गेममध्ये उघडे पडते. खेळाडू उंच खडकावर चढतो, खाली अस्वल जागच्या जागी घुटमळते आणि वरून निवांत बाण सुटतात. पोहोचता येत नसेल तर प्राण्याने पळून आडोशाला जावे, असा नियम काही गेम घालतात. मग खाली कधी उतरायचे हे खेळाडूने ठरवायचे.