बांधावर बसलेले आण्णा आणि न पोहोचलेलं पाणी

परवा विट्याच्या एसटी स्टँडसमोर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर वाद पेटलेला. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या गावांना पाणी पोहोचलं नाही, एवढंच निमित्त. एक म्हणाला, "सगळं सरकारचं पाप." दुसरा म्हणाला, "मग सरकारच नको, मोडून टाका." त्यावर तिसरा, "म्हणजे काय, अराजक आणायचंय?" माझी गाडी लागली, म्हणून बोलायचं राहिलं.

आपल्याकडे अराजक म्हणजे लुटालूट. अराज्यवाद (अ‍ॅनार्किझम) वेगळा. १८४० मध्ये फ्रान्सच्या प्रूधाँ या विचारवंताने स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतलं, तेव्हा त्याला व्यवस्था हवीच होती, फक्त वरून लादलेली नको होती. साताऱ्याचं प्रतिसरकारही काहीजण याच खात्यात टाकतात, ते मला पटत नाही. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी इंग्रजांचा अंमल झुगारला खरा, पण न्यायनिवाडे केले, शिक्षा दिल्या, गावगुंडांचा बंदोबस्त केला. ते सरकारच होतं, आपलं.

वर कुणी नसताना माणसं नियम पाळतात का? १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सामाईक कुरणाचं उदाहरण देऊन 'नाही' म्हटलं. जास्तीचं एक जनावर सोडण्याचा फायदा एकट्याचा, चाऱ्याचा तोटा सगळ्यांचा. म्हणून एक तर सरकार हवं, नाही तर खासगी मालकी. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली कुरणं, जंगलं आणि पाट तपासून दाखवलं की लोक स्वतःही हे सांभाळतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्यांनी दाखवलेली एक युक्ती मी रात्री दोन वाजता दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवताना बघितलीय. आमच्या लिफ्टवर, म्हणजे पाणी उचलून आणणाऱ्या योजनेवर, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. माझी पाळी दोनला संपते, आणि पावणेदोनलाच पुढच्या पाळीचे आण्णा बांधावर येऊन बसतात. खांद्यावर घोंगडं, मांडीशी बॅटरी, तळहातावर तंबाखू. बोलत काहीच नाहीत. दोन वाजले की उठतात आणि खोऱ्यानं माझं दारं मोडतात.

आण्णा राखण करायला आलेले नसतात, स्वतःचं पाणी घ्यायला आलेले असतात. राखण फुकटात होते. आता थोडं गणित. चोरून घेतलेल्या पाण्याचा फायदा 'फ', सापडण्याची शक्यता 'श' आणि सापडल्यावर होणारं नुकसान 'न' धरा. श × न हे फ पेक्षा मोठं असेल, तरच चोरी परवडत नाही. सरकार सहसा 'न' वाढवत बसतं, म्हणजे दंड आणि फौजदारी. पण पाटावर राखण करणारा पाटकरी एक आणि चाऱ्या (पाटाच्या फांद्या) वीस असल्या की 'श' शून्याजवळ जातो, आणि शून्याला लाखाने गुणलं तरी शून्यच. पाळीत 'श' जवळजवळ एक असतो. तिथे "काय राव, झोप लागली काय?" एवढा टोमणाही पुरतो.

याच्यापुढे आणखी एक पेच आहे. चोराशी भांडायचं कुणी? भांडणाचा ताप एकाला, फायदा सगळ्यांना, म्हणजे राखण हेसुद्धा एक सामाईक कुरणच झालं. पाळी तोही सोडवते. माझ्या चोरीचा सगळा तोटा एकट्या आण्णांचा, म्हणून भांडायला कारणही सगळं त्यांच्याकडेच. तोच तोटा चाळीस जणांत वाटला, तर चाळिसाव्या हिश्शासाठी रात्री अंथरुणातून कोण उठेल?

आणि चूक कुणाची हेही तिथल्या तिथे ठरतं. पाणी कमी मिळालं, तर संशयित एकच, आधीचा पाळीवाला. मोठ्या कालव्यावर टेलच्या माणसाला एवढंच कळतं की पाणी आलं नाही. वर कुणी चोरलं, गेट कुणी उघडं ठेवलं, पंप का बंद होता, या सगळ्याची मोट बांधून तो 'सरकार' म्हणतो. त्या शब्दात वरच्या चारीवरचा त्याचा मेहुणाही असतो.

आटपाडी-जतकडे पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा दाखवतो. पाणी लागलं तर त्याची विद्या, कोरडी गेली तर आपलं नशीब. जबाबदारी झटकण्याची इतकी पक्की सोय कुठल्या खात्यालाही जमलेली नाही.

नेपाळमधल्या सिंचन योजनांची तुलना केली, तेव्हा शेतकऱ्यांनी चालवलेल्या योजनांत टेलला पाणी बऱ्याचदा जास्त पोहोचताना दिसलं. त्यांचे बंधारे दगड-मातीचे, पुरात वाहून जाणारे. ते पुन्हा बांधायला टेलच्या माणसांचे हात लागतात, म्हणून वरचे लोक त्यांना पाणी देतात. काँक्रीटचा पक्का बंधारा झाला की ती गरज संपते, आणि गरजेबरोबर टेलचं पाणीही.

नदीला मात्र पाळी लावता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. वर १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) कोयना धरण, खाली कर्नाटकात १२३ टीएमसीचं अलमट्टी. गेटं दोन राज्यांच्या हातात, आणि मध्ये बॅटरी घेऊन बसायला कुणी आण्णा नाहीत. खालचं धरण तुंबलं की पाणी मागे फुगतं, असं म्हणत सांगलीकरांनी बोट दाखवलं ते अलमट्टीकडे. आपल्याच राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये सांगितलं की पुराचं कारण अलमट्टी नव्हे. चहाच्या बाकावर ते अजून कुणी मानलेलं नाही.