गूढ शब्दकोडे (क्रिप्टिक क्रॉसवर्ड)

क्रिप्टिक क्रॉसवर्ड हा इंग्रजी शब्दकोड्याचा ब्रिटनमध्ये घडलेला प्रकार. साध्या शब्दकोड्यात समानार्थी शब्द किंवा वर्णन देऊन उत्तर विचारतात. इथे प्रत्येक क्लूमध्ये उत्तराकडे नेणाऱ्या दोन वाटा असतात. एक वाट अर्थाची. ती बहुधा क्लूच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी सापडते. उरलेल्या शब्दांत अक्षरांची जुळणी सांगितलेली असते. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या की उत्तर सिद्ध झाले. क्लू वाचताना जे सरळ वाक्य दिसते, ते चकवण्यासाठी रचलेले असते.

इंग्रजी अक्षरांचे खेळ देवनागरीत नीट उतरत नाहीत, म्हणून इथली बरीचशी उदाहरणे मराठीत रचली आहेत. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा.

‘अजब दलालाच्या पोटात सूड (३)’ हा क्लू घ्या. दलाल कोण, त्याला राग कशाचा, याचा विचार करणारा तिथेच अडकतो. ‘सूड’ हा अर्थ, ‘पोटात’ ही खूण आणि ‘अजब दलाला’ हा कच्चा माल. अ-ज-ब-द-ला-ला या ओळीत मधोमध ‘बदला’ दडलेला आहे. ‘पहिल्या व्यंजनाला घाण लागली, निघाले फूल (३)’ यात व्यंजन म्हटल्यावर पानातला पदार्थ डोळ्यांसमोर येतो, पण इथे व्याकरणातले व्यंजन हवे. पहिले व्यंजन ‘क’, त्याला घाण म्हणजे ‘मळ’ जोडला की कमळ. ‘रजनी विस्कटताच कमळ (३)’ हा अक्षरांची उलथापालथ करण्याचा प्रकार: र-ज-नी ही अक्षरे फिरवून ‘नीरज’. ‘उलट वाहणारी नदी गरीब (२)’ म्हणजे नदी उलटी वाचून ‘दीन’. आणि ‘सरकारला द्यायचा हात (२)’ यात अक्षरांची जुळणी नाहीच. दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत आणि दोन्हींचे उत्तर ‘कर’.

इंग्रजी क्लू सोडवायला आणखी एक शिदोरी लागते, ती ठराविक संक्षेपांची. यात क्रिकेटचा वाटा मोठा आहे. ‘डक’ म्हणजे ओ हे अक्षर, ‘मेडन’ म्हणजे एम, ‘लेग’ म्हणजे ओ-एन. क्रिकेट न पाहणाऱ्या अमेरिकी माणसाला हे पाठ करावे लागते, भारतीयाला आयते मिळते. काही शब्दांचा अर्थच मुरडून वापरतात. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल असे वाटते, पण वाहते ती ‘फ्लो’ करणारी नदीही फ्लॉवरच. तेव्हा ‘लंडनचा फ्लॉवर’ म्हणजे टेम्स. एका गाजलेल्या क्लूमध्ये तर एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ एवढी अक्षरेच दिली होती. ती एचपासून ओपर्यंत जातात, इंग्रजीत ‘एच टू ओ’, म्हणून उत्तर ‘वॉटर’.

उत्तर सुचणे आणि क्लूची उकल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छेदणाऱ्या शब्दांतून दोन-तीन अक्षरे मिळाली की अनुभवी माणूस अर्थावरून उत्तर लिहून मोकळा होतो आणि जुळणी नंतर तपासतो. ही नंतरची तपासणीच या खेळाचा गाभा आहे. अर्थ कोणता, खूण कोणती, कच्चा माल कोणता, हे सांगताना क्लूमधला एकही शब्द शिल्लक उरता कामा नये. शब्द उरला तर एक तर उत्तर चुकले आहे किंवा क्लू सदोष आहे. साध्या कोड्यात दुसऱ्या दिवशी छापलेले उत्तर मान्य करावे लागते; इथे चांगला क्लू स्वतःच आपल्या उत्तराची ग्वाही देतो.

हा काटेकोरपणा सुरुवातीपासून नव्हता. आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, तेव्हा क्लू सरळच होते. त्यांना गूढ वळण मिळाले ते १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये. एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी ‘टोर्केमादा’ या टोपणनावाने १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’साठी कोडी रचली, त्यांत कल्पकता अफाट, नियम मात्र सैल. रचणाऱ्याने सोडवणाऱ्याला फसवावे, पण प्रामाणिकपणे, हा विचार १९४९ मध्ये ‘आफ्रिट’ ऊर्फ ए. एफ. रिची यांनी मांडला: क्लूचा वरवर दिसणारा अर्थ खरा नसला तरी चालेल, पण जे सांगायचे ते शब्दांत यायलाच हवे. टोर्केमादानंतर ‘ऑब्झर्व्हर’ची गादी चालवणारे ‘झिमेनीज’, म्हणजे डी. एस. मॅकनट, यांनी १९६६ मध्ये नियम पक्के केले. अचूक अर्थ, न्याय्य जुळणी आणि त्यापलीकडे एकही शब्द नाही. टोर्केमादा आणि झिमेनीज ही दोन्ही स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची नावे. १९७२ मध्ये आलेल्या ‘अझेड’नेही त्याच परंपरेतल्या देझाचे नाव घेतले, तेही इंग्रजी अक्षरे उलटी करून.

दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४२ मध्ये, ‘डेली टेलिग्राफ’ने १२ मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. यशस्वी झालेल्यांपैकी काहींना पुढे ब्लेचली पार्कमध्ये सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामासाठी बोलावणे आले.

भारतात हा छंद इंग्रजी दैनिकांतून रुजला. ‘द हिंदू’चे क्रिप्टिक कोडे रोज सोडवणारे निष्ठावंत वाचक आहेत, आणि २०१३ पासून इंडियन क्रॉसवर्ड लीग ही स्पर्धाही होते. मराठी दैनिकांतली कोडी मात्र बहुतेक समानार्थी शब्दांवरच चालतात. खरे तर मराठीत श्लेषाचे भांडार मोठे आहे. ‘मित्राच्या उदयाने सर्वांनाच आनंद होतो’ हे शाळेच्या व्याकरणातले उदाहरण ‘सकाळी उगवणारा सखा (२)’ असे लिहिले की क्लू तयार. अडचण अक्षरांची आहे. काना-मात्रा व्यंजनाला चिकटून राहतात, त्यामुळे तीन अक्षरी शब्दाच्या फार तर सहा जुळण्या होतात आणि त्यांतून अर्थपूर्ण शब्द क्वचितच निघतो. लिपी बव्हंशी उच्चारानुसारी असल्याने समान उच्चाराचे क्लूही ‘ऐकायला गरीब वाटणारा दिवस (२)’, म्हणजे दीन-दिन, अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांपुरतेच उरतात. शिवाय आडव्या आणि उभ्या शब्दांच्या छेदावर नुसता ‘द’ चालत नाही, नेमका ‘दी’च जुळावा लागतो. अमेरिकी कोड्यात प्रत्येक घर दोन शब्दांत मोजले जाते. तशी दाट चौकट मराठीत भरणे फार कठीण. ब्रिटिश क्रिप्टिकच्या चौकटीत शब्दातली साधारण निम्मीच अक्षरे छेदांवर येतात, आणि मराठीला तीच चौकट अधिक सोयीची आहे.